कार्डावरचे पद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी घरी आला. राहायला इस्लामपुरातच. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय 2025 साली झाला, मी त्याला शिकवले ते इस्लामपुरात.) बी.ए.ला मराठी घेतलेला हा मुलगा पुढे संगणक स्वतःच शिकला आणि आता वाळवा तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करून विकतो. लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर आणि दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल. काम एवढेच, पण ते चुकले तर सकाळी केंद्रावर भांडण ठरलेले.

"सर, नवं कार्ड छापायचंय. नावाखाली काय घालू?"

पहिल्या कार्डावर त्याने 'सीईओ' छापले होते. एकदा बिलाच्या आदल्या रात्री संगणक अडला. केंद्राच्या चेअरमननी फोन केला, "साहेब, तुमचा एखादा माणूस पाठवा." हा स्वतःच मोटारसायकलवरून गेला. "साहेबच आले? माणसं नाहीत व्हय तुमच्याकडं?" काम रात्रीतच झाले, पण निघताना चेअरमननी विचारलेला प्रश्न त्याला सलत राहिला : "उद्या तुम्हाला काही झालं, तर आमच्या हिशेबाचं काय?"

मराठीच्या माणसाला पदांचा इतिहास लगेच आठवतो. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनिसाचा सचिव. नावे बदलली, पण अमात्याला जमाखर्च पाहावाच लागे. नाणी पारखणारा तो पोतदार, गावाचे दप्तर लिहिणारा तो कुलकर्णी. पदामागे काम होते. ते इतके घट्ट, की पुढे पदाचेच आडनाव झाले.

'सीईओ'तला 'मुख्य' हा शब्द इतर कोणी तरी आहेत असे गृहीत धरतो. एकट्या माणसाला तो लागू कसा व्हावा? 'मॅनेजिंग डायरेक्टर' म्हणावे, तर कायद्याने संचालक असायला आधी कंपनी हवी. 2013च्या कायद्याने एका व्यक्तीची कंपनीही काढता येते, पण याने ती काढलेली नाही. उरला 'प्रोप्रायटर'. तो खरा आहे. मात्र त्यातून मालक कोण एवढेच कळते, रात्री कोण येणार ते कळत नाही.

हे सगळे मी त्याला ऐटीत सांगत होतो आणि मनात ओशाळत होतो. मी स्वतः कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010च्या नियमावलीने अधिव्याख्यात्याचा सहायक प्राध्यापक झाला. आमचे मानधन मात्र तासांवरच मोजले जाई. तरीही निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी 'प्रा.' दिसले की बरे वाटे. बँकेच्या अर्जावर 'पद' या रकान्यापाशी पेन थांबे, तेवढेच काय ते खरे. मग मी या मुलाला कोणत्या तोंडाने हसावे?

शेवटी आम्ही पदच गाळले. नावाखाली एक ओळ ठरली : 'दूध संकलनाचे सॉफ्टवेअर – स्वतः तयार करतो, बसवतो, दुरुस्त करतो.' बँकेच्या कागदांवर प्रोप्रायटर.

चेअरमनच्या प्रश्नाला मात्र कुठलेच पद उत्तर देऊ शकत नव्हते. त्याने नंतर एक केले. दर दहा दिवसांचा हिशेब साध्या फाईलमध्ये केंद्राच्या स्वाधीन होईल, त्याच्या प्रोग्रॅमशिवायही ती उघडेल, अशी सोय त्याने केली. "कार्डाआधी हे करायला हवं होतं, सर," असे तो फोनवर म्हणाला.

परवा एका कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी माझे पद विचारले गेले. मी म्हणालो, "'मराठी शिकवतात' एवढेच लिहा." पत्रिका आली. नावाआधी ठळक अक्षरांत 'प्रा.' होते आणि मी ते दोनदा वाचले.