एका हंगामाचा कोच

वाचकहो, शेतकऱ्याच्या साप्ताहिकात फुटबॉलचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण आता तुमच्या-आमच्या घरची मुलं-मुली शिकायला शहरात राहतात, आणि अभ्यासाबरोबर खेळालाही लागतात. आमची मधली मुलगी त्यांतलीच. काटोलकडच्या आमच्या गावात ती भावांबरोबर कबड्डी खेळायची. नागपूरच्या कॉलेजात गेली आणि तिथे फुटबॉलच्या संघात घेतली गेली. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही रड एकाच कॉलेजची नाही.

दोन वर्षांत तिने तीन कोच पाहिले. पहिल्याने तिला पुढच्या फळीत खेळवलं. दुसऱ्याने मागे बचावाला आणलं. तिसऱ्याने उंची बघून गोलकीपर केलं, आणि आंतरमहाविद्यालयीन सामने संपताच तोही गेला. संघ दोन्ही वर्षं पहिल्याच फेरीत बाद. आता तिचं शेवटचं वर्ष, आणि खेळावं की सोडून द्यावं हा घरातला प्रश्न आहे. तिची आई म्हणते, सोड. मला तसं वाटत नाही.

मी जाऊन प्राचार्यांना भेटलो. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "काय करणार भाऊ, चांगला कोच मिळतच नाही. विचारतो, पण कोणी येत नाही." मानधन किती देता म्हणून विचारलं. आकडा ऐकून मला आमचा सालदार आठवला. त्याचं बरं आहे, त्याला वर ज्वारीही मिळते.

पण पैसा हेच एक कारण असेल, असं मला वाटत नाही. तुम्ही सालदार ठेवता, तुम्हाला हे सांगायला नको. आपल्याकडे पाडव्याला साल ठरतं. गावातला कामाचा म्हणून नावाजलेला गडी नुसता रकमेचा आकडा विचारत नाही. बैलजोडी कशी आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे तो आधी बघतो. घरात हुकूम सोडणारे किती, हेही विचारतो. म्हातारा म्हणतो डवरा धर, थोरला म्हणतो खत टाक, धाकटा म्हणतो बाजारात चल, अशा घरी तो जात नाही. आणि ज्या घरचा सालदार दरसाल बदलतो, तिथे तर पाऊलच टाकत नाही.

कोचचंही तसंच आहे. तो मैदानावर येतो, तेव्हा तिथे स्नेहसंमेलनाचा मांडव पडलेला असतो. मांडव निघतो तर परीक्षा लागते. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून सराव जेमतेम पाऊण तास. कॉलेजात खेळाचं पद एकच, शारीरिक शिक्षणाच्या संचालकांचं. ते खो-खोही बघतात, बुद्धिबळही बघतात आणि जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवरही बसतात. फुटबॉलच्या कोचला पद नाही, तो हंगामापुरता. संघ निवडायला बसला की कुणाचा तरी निरोप येतो, आपल्या अमक्याची मुलगी घ्या. आणि संघ हरला की नाव मात्र त्याचं खराब होतं. पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच, मागच्या वर्षी कुठे होता आणि काय केलं?

त्यातून आता कोचलाही परवाने लागतात. 'डी'पासून सुरुवात, मग एकेक पायरी वर. त्यासाठी पैसा आणि दिवस दोन्ही खर्च होतात. एवढं करून वर चढलेला माणूस मुंबई, गोवा, कोलकात्याच्या क्लबांकडे बघतो. त्याला दोष कसा देणार?

आपल्या संत्र्याच्या बागेत बहार विकत घेणारा व्यापारी येतो. तो फळ तोडून नेतो, पण झाडाच्या बुडाशी शेणखत घालत नाही. का घालावं? पुढचा बहार त्याचा असेलच असं नाही. हंगामी कोचही नव्या पोरींना पायाशी चेंडू धरायला शिकवत बसत नाही. यंदाच्या सामन्यापुरती उंच मुलगी गोलात उभी करतो आणि जातो.

पण पडत्या संघाकडे मोठा माणूस कधी येतच नाही, असंही नाही. आपल्या विदर्भाचंच बघा. क्रिकेटच्या रणजी सामन्यांत विदर्भ १९५७-५८ पासून खेळतो. साठ वर्षं रिकाम्या हाताने परतला. २०१७ साली चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले. ते मुंबईचे, त्यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली होती. शिस्तीला कडक माणूस. आल्या वर्षीच इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने करंडक आणला आणि पुढच्या वर्षी जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून तो राखला. लोक म्हणतात, पंडितांनी जादू केली. मला विचाराल तर अर्धं काम आधीच झालं होतं. २००९ पासून नागपुरात निवासी अकादमी चालू होती आणि तिथे पोरं तयार होत होती. पंडितांना नांगरलेलं वावर मिळालं. २०२० साली ते मध्य प्रदेशाकडे गेले, २०२१-२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी मिळवून दिली. इकडे विदर्भ ओस पडला नाही. २०२४-२५ ला पुन्हा रणजी जिंकली, तेव्हा कोच होते उस्मान गनी, विदर्भाचेच जुने खेळाडू.

तुम्ही म्हणाल, क्रिकेटमध्ये पैसा आहे. खरं आहे. मग फुटबॉलचंच सांगतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळामास्तर होते. १९५० साली त्यांनी तिथल्या पोलीस संघाचं काम हाती घेतलं आणि त्या संघाने लागोपाठ पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवली. १९६३ साली वारले तोवर ते कामावरच होते. त्या पोरांना पोलिसात नोकरी होती, म्हणून ती टिकली, आणि मास्तरही टिकले. आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावलं. तेही महिन्या-दोन महिन्यांचं काम नव्हतं.

आम्ही पाचसहा पालक पुन्हा प्राचार्यांकडे गेलो. मोठं नाव नको म्हटलं. कोणीही एक माणूस तीन वर्षांसाठी ठेवा, मैदानाचे रोज दोन तास त्याच्या नावाने लिहून द्या, आणि संघ त्यालाच निवडू द्या. कामठीचे एक जुने खेळाडू यायला तयार आहेत. कामठीत फुटबॉल रक्तातच आहे, तिथल्या रब्बानी क्लबचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांना आम्ही बरोबरच नेलं होतं. मानधनाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी प्राचार्यांना एकच विचारलं, "साहेब, पहिल्या वर्षी हरलो तरी दुसऱ्या वर्षी मला ठेवाल ना?"

प्राचार्य थोडा वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, ते जूनच्या बैठकीत मंडळ ठरवील.