झाडं किती लावणार?

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी एका कंपनीकडे सीएसआर निधीसाठी अर्ज केला. सुप्याजवळच्या एका गायरानासाठी. अर्जात एक रकाना होता, 'लावायच्या झाडांची संख्या'. आम्ही शून्य टाकलं. संगणकाने शून्य घेतलंच नाही.

फोन केला. पलीकडची मुलगी भली होती. म्हणाली, "सर, वन्यजीवांचं काम आहे ना? मग झाडं नाहीत?"

नाहीत. कारण हा माळ आहे. मयूरेश्वर अभयारण्य आपल्याला माहिती असतं, पण ते जेमतेम ५ चौरस किलोमीटर. चिंकारा, लांडगा, खोकड काही हद्द बघून चरत-फिरत नाहीत, आजूबाजूची गायरानं आणि पडीक रानं हेच त्यांचं घर. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. तिथे खड्डे खणून गिरीपुष्प लावलं की गवत जातं, आणि गवताबरोबर बाकीचेही.

आमची मागणी साधी होती. फेब्रुवारी ते मे दोन राखणदारांची मजुरी, वणवा अडवायला जाळरेषा, आणि गावकुत्र्यांचं लसीकरण. हे शेवटचं ऐकून लोक हसतात. पण रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून लांडग्यांत जातो आणि कळपच्या कळप संपू शकतो.

त्या मुलीचाही दोष नाही म्हणा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. त्यात वन्यजीव बसतात. पण वर्षाअखेर अहवाल द्यायचा असतो आणि अहवालाला आकडा लागतो, फोटो लागतो. पाच हजार रोपं मोजता येतात. न लागलेला वणवा कसा मोजणार? शिवाय चालू प्रकल्पालाही, सुरुवातीचं वर्ष सोडलं तर, तीनच वर्षं मिळतात. मादी लांडग्याची गुहा त्याच माळावर पुढेही असते, राखणदाराचा पगार मात्र थांबतो.

सरकारी पैशाचंही फार वेगळं नाही. जंगल तोडल्याची भरपाई म्हणून जमा होणारा कॅम्पा निधी घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना त्यातले ४७ हजार कोटींहून जास्त दिले. भरपाई वनीकरणाची, त्यामुळे मोकळी जमीन शोधणं आलं. आणि मोकळी दिसणारी जमीन म्हणजे बहुतेक वेळा माळच.

आता खरं सांगतो. २०१५ च्या जुलैत याच गायरानाच्या कडेला मीही खड्डे खणलेत. टोपी घालून फोटो काढून इथेच टाकला होता, तुमच्यातल्या कित्येकांनी शाबासकी दिली. तेव्हा मेंढरं घेऊन चाललेले एक मामा थांबले आणि म्हणाले, "हितं पवना गवत हुतं, आता मेंढरं काय खात्याल?" मी त्यांना पर्यावरणावर भाषण दिलं. पुढच्या वर्षी त्यांचा वाडा त्या बाजूने आला नाही. रोपं उन्हाळ्यात मेली, खड्डे मात्र अजून आहेत. गवत तिथे धड परत आलेलं नाही.

म्हणून यावेळी आमच्यातला एकजण म्हणाला, "शंभर लिही की, शाळेच्या कुंपणाला लावू", तेव्हा दोन तास भांडण झालं. त्याचंही चूक नव्हतं, पैसे हवेच होते. पण शंभर लिहिले असते तर पुढच्या वर्षी हजार विचारले असते. अर्ज सोडून दिला.

फेब्रुवारी जवळ येतोय. माळ वाळायला लागलाय. दोन राखणदार, चार महिने, एवढं तरी गावातूनच उभं करायचं ठरवतोय. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीपुढे विषय ठेवलाय, येत्या ग्रामसभेत ठराव येईल. ज्यांना जमेल त्यांनी सभेला या. पैशाचा हिशोब दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर लागेल.

आणि मामा, तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचे असतील तर त्यांनाही सांगा.