हरणाच्या मागे काय होतं?

सरांनी शिकारीचा गुन्हा कबूल केला असं समजू नका! आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. ही हकीकत विस्कॉन्सिनमधली, नोव्हेंबर २०१२ची. मी तिथे एम.एस. करत होतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून तिथे नऊ दिवस रीतसर परवान्याने हरणांची शिकार चालते. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असेल तर नवख्यालाही परवाना मिळतो. आमच्या लॅबच्या वर्कशॉपमधला साठीचा मेकॅनिक म्हणाला, "चल." मी निघालो.

बंदूक मला नवी नव्हती, असा माझा समज. इथेच एन.सी.सी.त असताना पालथं पडून पॉइंट टू-टूच्या गोळ्या झाडल्या होत्या. उस्तादांचं 'जाँच शस्त्र' अजून कानात आहे. (मेसचा नाष्टा चुकायचा, तेही लक्षात आहे.)

पहाटे थंडी अशी की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं. अंगात भडक नारिंगी जाकीट. तिथे तेव्हा १९८०पासून ते सक्तीचं होतं. हरणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे नारिंगी त्याला मळकट दिसतो. माणसाला मात्र लांबून डोळ्यात भरतो. वाटेत तारेचं कुंपण लागलं. म्हाताऱ्याने रायफल रिकामी केली, बोल्ट उघडा ठेवला, नळी आमच्यापासून लांब करून ती तारेखालून सरकवली आणि मगच आम्ही पलीकडे गेलो. दोन मिनिटांचं काम, पण त्याने एवढा वेळ लावला की मला हसू आलं. तो हसला नाही.

आठच्या सुमारास समोरच्या टेकाडावर काहीतरी हललं. रायफल माझ्याकडे होती. मी ती खांद्याला लावून स्कोपमधून बघायला लागलो. पांढऱ्या शेपटीचं हरण, अगदी आकाशाच्या कडेवर उभं. छातीत धडधड. तेवढ्यात त्याने हलकेच माझा उजवा हात धरला. माझं बोट चापावर होतं. ते तिथे कधी गेलं, देवाशपथ, मला आठवत नाही.

नळी जमिनीकडे वळवून त्याने रायफल काढून घेतली, रिकामी केली. हरण केव्हाच पसार झालं होतं.

"बघायला दुर्बीण आणलीय," तो म्हणाला. "स्कोपमधून बघतोस म्हणजे ज्याच्याकडे बघतोस त्याच्यावर बंदूक रोखतोस. तो माणूस असला तर?"

मी गप्प.

"बरं, हरण दिसलं. त्याच्या मागे काय दिसलं?"

"आकाश."

"आकाश गोळी अडवतं का?"

थर्टी-ऑट-सिक्सची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. प्रक्षेप्य गती मी फर्स्ट इयरला पाठ केली होती, गणितं सोडवून मार्कही मिळवले होते. एन.सी.सी.च्या रेंजवर टार्गेटमागे मातीचा उंच बांध असायचा. तो कोणीतरी आपल्यासाठी घातलेला असतो, हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नव्हतं. रानात तो आपणच शोधायचा. हरणाच्या मागे उतार, माती, काहीतरी भरीव असल्याशिवाय चापाला हात लावायचा नाही.

तो मला टेकाडावर घेऊन गेला. पलीकडच्या उतारावर, फार तर अर्ध्या किलोमीटरवर, एक शेतघर होतं. धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात लहान मुलाची तीनचाकी सायकल आडवी पडली होती.

मी तिथेच खाली बसलो. त्याने थर्मासमधली कॉफी ओतून दिली. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी त्याने रायफल परत माझ्यापुढे धरली. मघाशी त्याने माझ्यासमोरच ती रिकामी केली होती. तरी मी नळी खाली ठेवून बोल्ट उघडला, आत बोट घालून बघितलं आणि मगच ती हातात घेतली.