चंद्राचा हिशेब सर्वांनी शिकावा

निवासी शाळेजवळ एक संपत्ती अशी असते, जी दिवसाच्या शाळेजवळ नसते. ती म्हणजे रात्र. दिवसाच्या शाळेत आम्ही शिक्षक चंद्राच्या कला भर दुपारी फळ्यावर खडूने काढून दाखवतो. घंटा होते, मुले घरी जातात आणि खरा चंद्र उगवतो तेव्हा वर्ग रिकामा असतो. निवासी शाळेत मात्र सायंकाळची वंदना आटोपून मुले जेवणाच्या रांगेत उभी राहतात, तेव्हा धडा त्यांच्या डोक्यावर उघडाच असतो. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत इतिहास शिकवताना मला या संपत्तीचा नेहमी हेवा वाटला. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा चंद्रावर लिहावे असे ठरवले, ते त्यामुळेच.

इतिहासाच्या शिक्षिकेने चंद्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, चंद्र हे माणसाचे पहिले पंचांग आहे. आणि ते पंचांग कोणाच्या हाती होते, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

चंद्र कमी-जास्त का होतो, असे मी अनेक वर्गांत विचारले आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते : पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडून ऐकले, सुशिक्षित पालकांकडून ऐकले आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांकडूनही ऐकले. ते खरे नाही. पृथ्वीच्या सावलीने ग्रहण होते. कला होत नाहीत. हे पटवण्यासाठी ग्रंथ लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी मैदानात उभे राहिले म्हणजे पुरे. सूर्य पश्चिमेला टेकलेला असतो आणि अर्धा चंद्र माथ्याच्या आसपास असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या नेमकी विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेकडे पडणार. चंद्र तर तिच्यापासून काटकोनात, दूर उभा आहे. मग त्याचा अर्धा भाग कोणी झाकला?

कोणीच झाकला नाही. चंद्राचा अर्धा भाग सूर्यप्रकाशात सदैव उजळलेला असतो, अमावास्येलासुद्धा. फरक एवढाच की, तो उजळ अर्धा भाग आपल्याला कधी समोरून दिसतो, कधी बाजूने, आणि कधी तो आपल्याकडे पाठ करून असतो. वद्य अष्टमीच्या सकाळी, प्रार्थनेच्या वेळी, चंद्र पश्चिमेकडे कललेला स्पष्ट दिसतो. त्या वेळी कोवळ्या उन्हात उभे राहावे, हात लांब करावा आणि चंद्राच्या शेजारी एखादे मोसंबे किंवा रबरी चेंडू धरावा. मोसंब्याचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचाही दिसतो. दोघांवर एकाच सूर्याचा प्रकाश एकाच दिशेने पडत असतो. हा प्रयोग मी ज्या ज्या मुलांकडून करून घेतला, त्यांना सावलीचे उत्तर पुन्हा द्यावेसे वाटले नाही.

महिनाभर वही ठेवली तर आणखी बरेच हाती येते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. अमावास्येला तो सूर्याबरोबर उगवतो, शुद्ध अष्टमीला दुपारी, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास आणि वद्य अष्टमीला मध्यरात्री. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. केळीच्या आणि कापसाच्या रानात रात्रीचे पाणी भरणाऱ्या आमच्या पालकांना यातले पुष्कळ अनुभवाने ठाऊक असते. चंद्र कुठे आला यावरून ते रात्र किती उरली ते सांगतात. त्यांचे हे ज्ञान वहीत उतरलेले नाही, म्हणून ते ज्ञान नव्हे असे समजू नये.

आता सावलीकडे, म्हणजे ग्रहणाकडे येते. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात; तरी दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. क्वचित एखाद्या पौर्णिमेला तो सावलीत शिरतो आणि काही तासांत बाहेर येतो. त्याला कोणी गिळत नाही आणि कोणाच्या दानाने तो सुटत नाही.

परंतु दानाचा हा संबंध आमच्या समाजाच्या अंगावर वागवला गेला. माझी आजी गिरणाकाठच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी ग्रहण लागले की महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली माणसे गावातून हिंडत आणि "दे दान, सुटे गिराण" असे ओरडत. दारातून जुने कापड, मूठभर धान्य, एखादा पैसा पडे, तोही वरून, शिवाशीव टाळून. राहू-केतू हे या जातींचे आणि चंद्राकडे त्यांचे काही देणे राहिले आहे, अशीही समजूत काही भागांत होती. म्हणजे आकाशातल्या सावलीचा कलंक जमिनीवरच्या माणसांच्या नावे लिहिलेला होता. आजी हे सांगताना रडत नसे, हसतही नसे. "ओरडून घसा बसायचा आणि चंद्र आपल्या वेळेलाच सुटायचा," एवढेच म्हणे. तिला अक्षर येत नव्हते. पण निरीक्षण तिचे होते आणि निष्कर्षही तिचाच होता.

आजीच्या या आठवणीशेजारी मला इतिहासातला एक पुरावा ठेवायचा आहे, आणि तो आपल्या खानदेशातलाच आहे. चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण आहे. पाटणादेवीच्या यात्रेमुळे ते बहुतेकांना माहीत असते. तेथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, असे हा लेख सांगतो. त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात बाजारातल्या कोणत्या देण्याचा वाटा मठाला मिळावा याचा तपशील आहे. दानाचा दिवस कोणता? शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. इसवी सनाच्या हिशेबाने हा काळ १२०७ च्या सुमारासचा.

मी सहलीच्या निमित्ताने मुलांना घेऊन पाटणला गेले, तेव्हा हा मुद्दा त्यांच्यापुढे मुद्दाम मांडला. भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यातील गोलाध्यायात चंद्राच्या कला सूर्यप्रकाशाने होतात हे सांगितले आहे आणि चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते हेही सांगितले आहे. त्यांच्याही आधी, ४९९ मध्ये, आर्यभटांनी हेच लिहिले होते. तरीही भास्कराचार्यांनी त्या छायेत शिरणाऱ्या राहूला ग्रंथात जागा ठेवलीच, कारण पुराणांशी विरोध नको होता. म्हणजे ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकवले जाणार होते, त्या मठालाच ग्रहणाच्या पुण्यकाळाचे दान मिळाले. एक दान दगडावर कोरले गेले. त्याच समजुतीतून दिलेले दुसरे दान, शतकांनंतरही, मूठभर धान्याच्या रूपाने आमच्या फडक्यात वरून पडत राहिले. भास्कराचार्यांची बुद्धी थोर होती, यात मला शंका नाही. खानदेशाशी जोडलेल्या या नावाचा मला अभिमान आहे. माझा प्रश्न एवढाच की, हे ज्ञान त्या मठाच्या उंबरठ्यापासून माझ्या आजीच्या वाड्यापर्यंतचे दोन-चार दिवसांचे पायी अंतर सातशे वर्षांत का तोडू शकले नाही? उत्तर चंद्रात नाही. ते शिकण्याचा अधिकार कोणाला होता, यात आहे.

या प्रश्नाच्या संदर्भात विनयपिटकातील महावग्गाची एक कथा मला फार महत्त्वाची वाटते. राजा बिंबिसाराच्या सूचनेवरून भगवान बुद्धांनी पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंचदशीला संघाने एकत्र येण्याचा नियम घालून दिला. पुढे लोक भिक्खूंना विचारू लागले, "भन्ते, आज पक्षाचा कितवा दिवस?" भिक्खूंना सांगता येईना. लोक कुरकुरले, की यांना पक्षाची गणना येत नाही, तर दुसरे चांगले काय येत असेल? ही गोष्ट बुद्धांच्या कानी गेली. त्यांनी पक्षाची गणना शिकण्यास अनुमती दिली. मग भिक्खूंना प्रश्न पडला, की ती शिकायची कोणी? बुद्धांचे उत्तर होते : सर्वांनी. ज्या संघात नाभिक कुळातला उपाली होता, निर्माल्य झाडणारा सुनीत होता, त्या संघात 'सर्वांनी' या शब्दाचा अर्थ खरोखर सर्वांनी असाच होतो. एवढ्या साध्या नियमात केवढी क्रांती आहे! चंद्राचा हिशेब एका जातीच्या हाती सोपवला गेला नाही.

म्हणून पौर्णिमेला आपण पांढरी वस्त्रे नेसून वंदनेला बसतो, तेव्हा आजचा चंद्र पूर्ण का आहे हे वंदनेला बसलेल्या प्रत्येक मुलाला सांगता आले पाहिजे.

हा हिशेब इतिहासाच्या तासालाही कसा उपयोगी पडतो, त्याचे एक उदाहरण देते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. तो अशोक विजयादशमीचा दिवस, म्हणजे आश्विन शुद्ध दशमी. त्या रात्री चंद्र कसा होता? दशमीचा, अर्ध्याहून बराच मोठा, संध्याकाळी आकाशात उंच आणि मध्यरात्रीनंतर मावळणारा. आता ६ डिसेंबरचा चंद्र काढू. १४ ऑक्टोबरपासून ६ डिसेंबरपर्यंत ५३ दिवस. त्यात दशमीचे दहा मिळवले की ६३. दोन चांद्रमासांचे ५९ वजा केले की उरले चार. म्हणजे शुद्ध चतुर्थीच्या आसपासचा, पश्चिमेला लवकर मावळणारा बारीक चंद्र. सहावीतल्या एका मुलीने हे गणित फळ्यावर सोडवले, तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. दिल्लीतल्या त्या दिवसाची संध्याकाळ तिने स्वतःच्या हिशेबाने शोधून काढली होती.

त्याच वर्षीची वैशाख पौर्णिमा २४ मे रोजी होती. ती २५०० वी बुद्धजयंती. त्या दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी, आपण ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. महाराष्ट्रात चंद्र उगवल्यावर थोड्याच वेळात ते लागले आणि नऊच्या सुमारास चंद्राचा बहुतांश भाग पृथ्वीच्या सावलीत होता. ज्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ग्रहणात दान मागितले, त्यांनी ग्रहणाच्या त्या दिवशी मागण्याची नव्हे, तर निर्णयाची भाषा ऐकली. या योगायोगात मी कोणताही दैवी संकेत शोधत नाही. पाच अंशांच्या कलामुळे त्या पौर्णिमेला चंद्र सावलीत आला, एवढेच. पण इतिहास शिकवणारी म्हणून तो दिवस मला विसरता येत नाही.

आजही ग्रहणात गरोदर मुलीला घराबाहेर येऊ देत नाहीत, विळीला हात लावू देत नाहीत, शिजवलेले अन्न टाकून देतात. यात आपलीही घरे आहेत. मुलांना उपदेश केला की ती घरी जाऊन आईशी वाद घालतात आणि हरतात. पण ज्या मुलीने महिनाभर वही ठेवली आहे, ती वाद घालत नाही. ती आईला अंगणात नेऊन ग्रहण दाखवते.

आपल्या संस्थेला माझी एक विनंती आहे. वसतिगृहाच्या भिंतीवर तीस चौकटींचा एक काळा फळा रंगवावा. रोज रात्री एका विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने त्या दिवसाचा चंद्र पाहून काढावा आणि वेळ लिहावी. आकाश ढगाळ असेल तर चौकट कोरी ठेवावी. न पाहिलेला चंद्र अंदाजाने काढू नये. वर्षावासाच्या महिन्यांत अशा कोऱ्या चौकटी बऱ्याच राहतील. आश्विन पौर्णिमेपर्यंत आभाळ मोकळे होते. तेथून आरंभ केला तर पहिलाच महिना पूर्ण भरेल.