मॅक्टनच्या किनाऱ्यावरचा जादूगार

फिलिपाईन्समधील सेबू बेटाला लागून मॅक्टन हे छोटेसे प्रवाळी बेट आहे. १५२१ मध्ये दर्यावर्दी मॅगेलन येथेच लढाईत मारला गेला. आज येथे पर्यटक येतात ते निळ्या पाण्यासाठी आणि शंख-शिंपल्यांसाठी. त्या शंखांत शंकूच्या आकाराचे, पांढऱ्यावर तपकिरी-केशरी नक्षी असलेले शंख चटकन नजरेत भरतात. ही ‘कोन स्नेल’ या सागरी गोगलगायीची घरे. तिच्या एका जातीचे नाव ‘कोनस मॅगस’. लॅटिन भाषेत मॅगस म्हणजे जादूगार.

दिवसा ही गोगलगाय वाळूत वा प्रवाळांच्या आडोशाला दडून राहते आणि रात्री मासे टिपते. चाल मंद, पण तिचा पोकळ, विषारी दात भाल्यासारखा सुटतो आणि मासा क्षणात लुळा पडतो. तिच्याच कुळातील ‘कोनस जिओग्राफस’च्या दंशाने माणसेही दगावली आहेत. या विषावर उतारा देणारी लस अद्याप नाही.

याच विषाचा अभ्यास फिलिपिनो शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी मायदेशी आरंभला आणि पुढे अमेरिकेत वाढवला. कोनस मॅगसच्या विषातील एका घटकाच्या धर्तीवर ‘झिकोनोटाइड’ हे वेदनाशामक तयार झाले. २००४ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाण्याआधीच ते मज्जारज्जूत अडवते. ते अफूवर्गातले नसल्याने त्याचे व्यसन लागत नाही. मात्र ते पंपाद्वारे थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते, आणि त्याने भ्रम वा मानसिक गोंधळ उद्भवू शकतो. म्हणून इतर उपाय थकले, तरच तीव्र व दीर्घकालीन वेदनेसाठी ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरले जाते.

लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळांतही कोन स्नेल आढळतात. तेथे सहलीस गेल्यास नातवंडांना शंख उचलू देऊ नये. तो रिकामा दिसला तरी आत जीव असू शकतो. दंश झालाच, तर तो अवयव हलू न देता रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.

घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. एका वेदनेवर उपाय शोधण्यासाठी माणूस समुद्रतळाच्या विषापर्यंत पोहोचला. तेव्हा ‘वय झाले, दुखायचेच’ असे म्हणून कोणाचेही दुखणे वाऱ्यावर सोडू नये. कोठे, केव्हा, किती दुखते, हे रोज विचारावे, टिपून ठेवावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.