सोडवलेला सोबती



या आठवड्याचे मनन एका जुन्या व्हिडिओ गेमवरून आहे. तरुण संघातील मुले तो खेळतात, आणि त्यांच्याबरोबर बसून आम्ही रविवारच्या शाळेचे स्वयंसेवकही तो खेळलो आहोत. गेमचे नाव ‘जीजी शिनोबी’. जपानच्या सेगा कंपनीने 1991 मध्ये तो ‘गेम गिअर’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी काढला. यंत्राला सहा पेन्सिल सेल लागतात आणि ते काही तासांतच संपतात, त्यामुळे आपली पाळी आली की मुले एक क्षणही वाया घालवत नाहीत.

तलवारी आणि मारामारीचा गेम मननात कशाला, असे काही पालक विचारतील. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की आपली झुंज माणसांशी नाही. मुलांनाही आम्ही तेच सांगतो. पण या गेममध्ये आम्हाला आवडलेली गोष्ट तलवारीची नाही, सोबत्यांची आहे.

नायक जो मुसाशी हा लाल पोशाखातला निंजा. सुरुवातीला तो एकटाच असतो. हातात तलवार, म्हणजे शत्रू अगदी जवळ आल्यावरच वार करता येतो. त्याचे चार सोबती शत्रूच्या कैदेत आहेत. चार ठिकाणांपैकी आधी कुठे जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. त्या ठिकाणच्या म्होरक्याला हरवले की एक सोबती सुटतो. हिरवा निंजा लांबून चक्री फेकतो आणि हवेत असतानाच पुन्हा उडी घेतो. निळा साखळीला लटकून झोका घेतो. गुलाबी छताला चिकटून सरपटतो. पिवळा पाण्यावरून चालतो, आणि तो पडद्यावर आला की मुले हमखास पेत्राची आठवण काढतात.

चौघे सुटले की शेवटचा टप्पा येतो, निओ सिटी. तिथला रस्ता भुलभुलैयासारखा आहे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा. इथे नुसती तलवार चालवून भागत नाही. कुठे झोका घेणारा लागतो, कुठे छताला धरणारा. लाल निंजाने ज्यांना सोडवले, तेच आता त्याला वाट काढून देतात.

आपण तारणाच्या गोष्टी सांगताना बहुधा सुटकेपाशी थांबतो. हरवलेले मेंढरू सापडले, आनंद झाला, गोष्ट संपली. शुभवर्तमानात मात्र सुटका झालेली माणसे लगेच कामाला लागतात. पेत्राच्या सासूचा ताप उतरला आणि ती उठून सर्वांची सेवा करू लागली. शोमरोनी स्त्री घागर तिथेच ठेवून गावात गेली. मार्काच्या पाचव्या अध्यायातला भूतग्रस्त मनुष्य पाहा. तो बरा झालेला पाहून तिथल्या लोकांनी येशूलाच आमच्या प्रांतातून जा अशी विनवणी केली. त्या मनुष्याला येशूबरोबर जायचे होते. प्रभूने त्याला घरी पाठवले, आणि तो दकापलीस प्रांतात साक्ष देत फिरला. ज्या प्रांताने प्रभूला जायला सांगितले, तिथे प्रभूचा साक्षीदार तोच झाला, कारण तो तिथला होता.

यंदा लेंतकाळातल्या घरभेटींची यादी करताना हे सारे आमच्यापुढे होते. मंडळीत एक घर आहे जिथे कर्ता माणूस दारूत बुडाला आहे. पाळकसाहेब दोनदा जाऊन आले, महिला मंडळही गेले. दोन्ही वेळा बोलणे उंबरठ्यावरच आटोपले. दुसरीकडे, आमचे एक बंधू आठ महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आले आहेत. शुक्रवारच्या प्रार्थनेत आपण त्यांचे नाव घेतो. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. कुणीतरी सुचवले, त्या घरी यांना पाठवू या.

बैठकीत यावर दोन मते पडली. आठ महिने म्हणजे फार दिवस नव्हेत. त्या घरात बाटली समोर असणार. यांचा पाय घसरला तर? ही काळजी खरी आहे. गेममध्येसुद्धा प्रत्येक निंजाची शक्ती वेगळी मोजली जाते, आणि जो थकला आहे त्याला पुढे ढकलायचे नसते. म्हणून त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “जातो, पण एकटा नको.” प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवले होते. मंडळीतले एक वडील बरोबर गेले, वेळ सकाळची ठरवली, आणि परतल्यावर आमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर चहा घ्यायचा असे ठरले.

त्या दिवशी दार उघडले. दोघे पाऊण तास आत बसले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. दारू सुटलेली नाही. निघताना मात्र त्या घरातून शब्द आला, “पुढच्या आठवड्यात या.”

त्याच यादीत आणखी एक घर होते, जिथली नवी सून कन्नडच बोलते. तिथे आमच्यातली कन्नड येणारी भगिनी गेली. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराचे उदाहरण देतो, डोळ्याला हाताची गरज लागतेच, आणि दुबळे वाटणारे अवयवही हवेच असतात, हे तो ठासून सांगतो. घरभेटींच्या यादीत ते आम्हाला नावानिशी दिसले.

प्रियजनहो, आपापल्या मंडळीची प्रार्थनेची यादी या आठवड्यात हाती घ्या. आजारी, कर्जात अडकलेले, व्यसनातून उठलेले, घरच्यांपासून तुटलेले, अशी नावे त्यात असतील. प्रत्येक नावासाठी प्रार्थना करा. मग त्या नावापुढे लिहा, की कोणते दार या व्यक्तीलाच उघडता येईल. लिहिले की जाऊन त्यांना विचारा. आणि ते हो म्हणाले, तर त्यांच्याबरोबर जायला एक जण तयार ठेवा.

हे प्रभू, तू ज्यांना सोडवलेस त्यांना आम्ही मागच्या बाकावर बसवून ठेवू नये. त्यांच्याबरोबर चालायला आम्हाला धीर दे. आमेन.