दोन वेढे मुरुडशेंग

बाळाच्या घुटीसाठी गेलो, तर काष्ठौषधींच्या दुकानात मला सगळी लाकडंच दिसत होती. वेखंड, अतिविष, ज्येष्ठमध, सुंठ. दुकानदार एकेक तुकडा कागदावर टाकत होता आणि मी नव्या बापाच्या उत्साहानं मान डोलावत होतो. मुरुडशेंग तेवढी ओळखू आली. तपकिरी, बोटभर लांब, स्क्रूसारखे आटे पडलेली. म्हटलं, चला, एक तरी कळलं.

कसलं कळलं! घरी सासूबाईंनी सहाण मांडली, थेंबभर पाणी सोडलं आणि शेंग उगाळून दाखवली. "पोटात मुरडा आला की दोन वेढे." वेढा म्हणजे सहाणेवर एक गोल फेरा. पण दाब किती? फेरा केवढा? माझ्या दोन वेढ्यांत पाणी जेमतेम गढुळलं, त्यांच्या दोनांत चांगलं तपकिरी गंध उतरलं. "हाताला कळतं हो, जावईबापू." ग्रॅममध्ये सांगा म्हटलं तर त्या हसायलाच लागल्या.

बालरोगतज्ज्ञांनी मात्र घुटी पारच बाद केली. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही. सासूबाई रुसल्या. मला हायसं वाटलं. ज्याचं माप ज्याच्या त्याच्या मनगटात, ते तान्ह्याच्या पोटात घालायला माझा जीव होत नव्हता. थोरांच्या जुलाबावर, मुरड्यावर या शेंगेचा काढा पूर्वापार देतात, ते वेगळं.

तरी पुडीतली ही शेंग झाडावर कशी दिसते, ते बघायचंच होतं. ऑक्टोबरात त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी डोंगरउतारावरचं झुडूप दाखवलं; त्याला केवणीही म्हणतात. पुरुषभर उंच, पानं खरखरीत, कडा दातेरी. फुलांनी पुन्हा गोंधळात टाकलं: एकाच फांदीवर काही तांबडी, काही निळसर राखी. ताजं फूल तांबडं, शिळं झालं की राखी, असं ते प्रकरण. मध प्यायला शिंजीर येतो, त्याच्याकडून परागीभवन होतं. हिरव्या शेंगेला बारीक लव होती. तिचा पीळ म्हणजे एकमेकींना गुंडाळलेल्या पाच शेंगा. वाळल्या की उकलतात आणि बी सांडतं.

वरून मोळी घेऊन एक मावशी उतरत होत्या. "शेंगा कवळ्या हायेत अजून, दादा. दोर पायजे का?" मी काही बोलायच्या आत त्यांनी कोयत्यानं एक फोक तोडला, साल सोलली, मांडीवर वळली आणि सैल झालेली मोळी करकचून आवळली. औषधाचं विचारलं, तर म्हणाल्या, "शेंगा दुकानवाले नेत्यात. आम्हाला केवणीचा वाख कामाचा."